मागील भागात

मालिकेचा भाग सुरू होण्याआधी मिनिटभर जुनी दृश्ये दाखवतात. ‘मागील भागात’ अशी अक्षरे येतात आणि तुकड्यामागून तुकडे झरझर सरकतात: कुणी दार आपटलेले, कुणी पत्र लपवलेले, कुणी रुग्णालयाच्या बाकावर डोके धरून बसलेले. एवढा वेळ घरात सहसा कुणी नीट पाहत नाही. त्यातच गॅस बंद होतो, पाण्याचा तांब्या येतो, आतल्या खोलीत हाक जाते. मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी तर हा भाग वगळण्याचे बटणच पडद्याच्या कोपऱ्यात येते. मुरलेला प्रेक्षक मात्र हे मिनिट सोडत नाही. दोन पर्वांपूर्वी गाव सोडून गेलेल्या माणसाचा चेहरा त्यात चमकला की आज तो परतणार, हे त्याला कळते. मालिकेला आपल्या मागच्या आयुष्यातले काय आठवते आणि काय आठवत नाही, ते या मिनिटात उघडे पडते. पर्वे सरत जातात तशी एखादी मालिका चढत का जाते आणि दुसरी उतरणीला का लागते, याचे इंगितही बरेचसे या आठवण्या-विसरण्यात दडलेले असते.

मालिका हा लेखनाचा फार वेगळा प्रकार आहे. कादंबरीकार शेवटच्या प्रकरणात अडला तर पहिल्या प्रकरणात जाऊन एक खिडकी उघडी ठेवून येतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नाटकाचा प्रवेश तालमीत कापता येतो. चित्रपट संकलनाच्या खोलीत पुन्हा जुळवता येतो. मालिकेला ही सोय नाही. चौथ्या पर्वाचा कागद कोरा असतो तेव्हा पहिले पर्व लोकांनी पाहिलेले, त्यावर बोललेले, त्यातल्या माणसांना घरच्यासारखे मानलेले असते. आरंभ जगजाहीर आणि शेवट अजून सुचायचा, अशा अवस्थेत ती वर्षानुवर्षे राहते. मागावर विणून झालेले कापड गुंडाळत जाते आणि विणकरासमोर हातभर ताणाच तेवढा उरतो, तसे हे काम आहे. मागे राहिलेली चूक उसवता येत नाही. पुढच्या नक्षीत तिला जागा करून द्यावी लागते.

छापील अक्षराला हा अनुभव दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी आला होता. चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६ साली मासिक हप्त्यांनी निघू लागली, तेव्हा तिचा खप जेमतेम चारशेच्या घरात होता. चौथ्या हप्त्यात एका खानावळीच्या अंगणात बूट पुसत बसलेला सॅम वेलर नावाचा बोलघेवडा नोकर आला. वाचकांनी त्याला उचलून धरले, डिकन्सने त्याला पिकविकसाहेबांच्या पदरी दिले आणि खप वाढत वाढत चाळीस हजारांपर्यंत गेला. बूट पुसण्यापुरता आलेला माणूस पुस्तकाचा प्राण झाला. मराठीत हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. तिच्या नायिकेचे, यमूचे दुःख वाचकांच्या घरी एकदम आले नाही, ते आठवड्याच्या मापाने आले. मधल्या सहा दिवसांत त्या दुःखावर घराघरांत बोलणे होत असणार. क्रमशः लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मधे असे सहा दिवस असतात, आणि कथा त्या दिवसांतही वाढत असते.

चढत गेलेल्या मालिकांकडे पाहिले की सॅम वेलरसारखा एखादा योगायोग बहुतेक सापडतोच. ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी मालिका २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि ६२ भागांत झाली. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातला रसायनशास्त्राचा एक शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो, अशी तिची कथा. जेसी पिंकमन हा त्याचा जुना विद्यार्थी त्याला या धंद्याची वाट दाखवतो. मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन याचा बेत जेसीला पहिल्या पर्वातच मारण्याचा होता. पण अ‍ॅरन पॉल या नटाचे काम पाहिल्यावर तो बेत सुटला. पुढच्या सगळ्या पर्वांचे नैतिक ओझे जेसीच्याच खांद्यावर पडले. शिक्षक जसजसा निबर होत जातो, तसतशी त्याच्या प्रत्येक कृत्याची टोचणी या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत राहते. तो पहिल्या पर्वात मेला असता तर मालिका कदाचित वेगवान झाली असती, पण तिला सदसद्विवेक उरला नसता.

याच मालिकेतली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्याच भागाच्या पहिल्याच दृश्यात वाळवंटातल्या मोकळ्या आकाशातून एक खाकी विजार भिरभिरत खाली येते. विषारी धुराने भरलेली गाडी बेभान हाकणाऱ्या त्या शिक्षकाची ती विजार. दृश्य संपते आणि ती विस्मरणात जाते. पुढे पाच वर्षांनी, शेवट दोन भागांवर आला असताना, सर्वस्व गमावलेला तोच माणूस त्याच वाळवंटात पैशांनी भरलेले एक पिंप ढकलत चाललेला दिसतो. पिंप जिथून जाते तिथे वाटेत, उन्हापावसाने विटलेली, ती विजार पडलेली असते. कॅमेरा तिच्यापाशी थांबत नाही, ती कुणी उचलत नाही, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पाहणाऱ्यांपैकी किती तरी जणांच्या ती लक्षातही आली नाही. पण ती तिथे ठेवणाऱ्यांनी आपला पहिला भाग पुन्हा काढून पाहिला होता. उसवता न येणाऱ्या कापडाची ती पहिली घडी होती, आणि तिचा धागा त्यांनी शेवटपर्यंत हातातून सुटू दिला नव्हता.

काही मालिका माणसांपेक्षा जागा बदलत वाढतात. ‘द वायर’ने (२००२ ते २००८) बाल्टिमोर हे एकच शहर धरले आणि प्रत्येक पर्वात त्याचा नवा मोहल्ला उघडला. आधी अमली पदार्थांचे कोपरे आणि त्यांच्यामागे लागलेले पोलीस, मग बंदरावरचे गोदी कामगार, मग नगरपालिकेचे राजकारण, मग शाळा आणि शेवटी वर्तमानपत्राची कचेरी. दुसऱ्या पर्वात ओळखीचे चेहरे मागे पडून एकाएकी गोदीतली माणसे पुढे आली, तेव्हा अनेकांना चुकल्यासारखे झाले. त्या पर्वाची किंमत पुढे कळली. शहराचा धंदा बुडाला की त्याची मुले कोपऱ्यावर का उभी राहतात, ते कोडे गोदीशिवाय सुटत नव्हते. चौथे पर्व शाळेचे, चार मुलांचे. अनेकांना तेच सर्वांत उंच वाटते. मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन हा जुना बातमीदार. त्याचा सहलेखक एड बर्न्स आधी पोलिसात होता आणि नंतर त्याच शहरात शिक्षक झाला. त्यामुळे वर्गातला गोंगाट, मागच्या बाकावरची झोप आणि परीक्षेपुरते शिकवण्याची सक्ती या पर्वात ऐकीव वाटत नाही.

पाचव्या, दहाच भागांच्या पर्वात मालिकेचा तोल थोडा गेला, असे पुष्कळांचे मत आहे. त्यातली खोट्याच रचलेल्या खुन्याची कथा त्या शहराच्या सवयीच्या वास्तवात बसत नाही. पण त्याच पर्वात एक जिना आहे. व्यसनातून उठू पाहणारा बबल्स बहिणीच्या घराच्या तळघरात राहतो. वर जाणाऱ्या दाराला बहीण कुलूप लावते, कारण पूर्वी त्याने विश्वास घालवलेला आहे. शेवटच्या भागात तो त्या पायऱ्या चढून वर येतो आणि बहिणीबरोबर टेबलाशी जेवायला बसतो. एवढेच. दृश्य काही क्षणांचे, पण त्यामागे पाच पर्वांचे चालणे आहे. दोन तासांच्या चित्रपटाला हा जिना बांधता येत नाही. त्यासाठी प्रेक्षकाचीही सहा वर्षे त्यात जावी लागतात.

काळ हा मालिकेचा न मागता मिळालेला सहलेखक असतो. १९६० ते १९७० या दशकाची कथा सांगणाऱ्या ‘मॅड मेन’च्या आरंभीच्या एका भागात नायकाची चिमुरडी मुलगी सॅली धुलाईहून आलेल्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी डोक्यावर ओढून खेळत येते. आईला धास्ती वाटते ती पिशवीतल्या कपड्यांची. २०१५ सालच्या शेवटच्या भागात तीच मुलगी सिंकपाशी उभी राहून भांडी घासते आहे आणि मरण समोर दिसत असलेली आई मागे टेबलाशी सिगारेट ओढत बसली आहे. दोन्ही वेळा मुलगी तीच, कियर्नान शिप्का. ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढली. तिच्या भावाच्या कामासाठी मालिकेने चार मुले बदलली, आणि तो भाऊ कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. सॅलीचा चेहरा मात्र मालिकेची वही झाला. त्यावर दर पर्वाने एकेक ओळ लिहिली, आणि मागची कोणतीही पुसली नाही.

उतरण एका दिवसात सुरू होत नाही. बरेचदा ती सुबत्तेच्या पायघड्यांवरून येते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०११ सालच्या पहिल्या पर्वापाशी पैसा बेताचा होता. मोठी लढाई दाखवणे परवडणार नव्हते, म्हणून टिरियन हा बुटका सरदार लढाई सुरू होता होताच डोक्यावर घाव बसून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा लढाई आटोपलेली असते. काही भाग लांबीला कमी पडले, म्हणून एका खोलीत दोनच माणसे बसवून काही दृश्ये नव्याने लिहिली गेली. त्यातले एक दृश्य राजा रॉबर्ट आणि राणी सेर्सीचे. मूळ कादंबरीत ते नाही. हातात मद्य, समोर सतरा वर्षांचा निष्प्रेम संसार. दोघे प्रथमच एकमेकांशी खरे बोलतात, कारण आता लपवण्यासारखे काही उरलेलेच नाही. तुटवड्यातून आलेले ते काही मिनिटांचे बोलणे त्या सबंध राज्याचे दुखणे सांगून जाते.

आठव्या पर्वाला कशाची कमी नव्हती. विंटरफेलच्या एका रात्रीच्या लढाईचे चित्रीकरण ५५ रात्री चालले. पण पडद्यावर इतका काळोख होता की कोण कुणाशी लढते आहे, हेच अनेकांना दिसले नाही. त्याहून मोठा अंधार कथेत होता. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांचा पाचवा खंड मालिका सुरू झाली त्याच वर्षी आला, आणि पुढचा येण्याआधी मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. आरंभी उत्तरेकडून राजधानीला जायला महिना लागत असे. त्या महिन्यात माणसे भांडत, आजारी पडत, एकमेकांना ओळखू लागत. शेवटी शेवटी माणसे, होड्या आणि ड्रॅगन एका दृश्यात इथे तर पुढच्या दृश्यात तिथे दिसू लागले. रस्ता नाहीसा झाला, आणि रस्त्यात जे घडते तेही त्याच्याबरोबर गेले. वाहिनीची आणखी भागांची तयारी असताना कर्त्यांनी शेवटची दोन पर्वे सात आणि सहा भागांत आटोपली. ज्या राणीने गुलामांच्या बेड्या तोडल्या, तिचे शहर जाळण्यापर्यंत पोहोचणे अशक्य नव्हते. त्याची बीजे मागच्या पर्वांत पडलेलीही होती. ती उगवायला मात्र ऋतू लागतो, आणि तोच दिला गेला नाही. दहा लाखांहून अधिक लोकांनी हे पर्व पुन्हा लिहावे म्हणून सह्या केल्या. त्या सह्यांत राग होता, तशी आठवणही होती. मालिकेला जे आठवेनासे झाले ते प्रेक्षकांच्या मनात अजून ताजे होते.

याच्या उलट उतरण लांबणीची. मराठी घरांत तिच्यासाठी शब्द तयार आहेत: मालिकेत पाणी घातले, ती रबरासारखी ताणली, भरकटली, आणि अखेर गुंडाळली. रोजच्या मालिकेला सहसा पर्वे नसतात. तिला असतात ट्रॅक, महाएपिसोड आणि लीप. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि सोमवारच्या प्रसंगाचे भवितव्य ठरते. पुढच्या भागांची बँक आटली की दुपारी चित्रित व्हायच्या प्रसंगाचे कागद सकाळी सेटवर येतात. ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढ्या वाटचालीत मागे वळून पाहायला सवड कुठून मिळणार? लेखक बदलतो, नट बदलतो, सहा महिन्यांपूर्वी शपथेवर सांगितलेले कुणाला आठवत नाही. त्या कामामागचे कष्ट खरे असतात. रोज वीस-बावीस मिनिटांचे नाट्य उभे करणे सोपे नाही. पण ज्या कथेला शेवटच दिसत नाही, तिच्यातल्या कोणत्याही घटनेला वजन येत नाही. मेलेला माणूस परत येणार, तुटलेले लग्न पुन्हा जुळणार, हे ठाऊक झाले की मरणाचे दुःखही पातळ होते.

शेवटाची तारीख ठरणे ही म्हणूनच मोठी गोष्ट असते. निर्जन बेटावर विमान कोसळल्याची कथा सांगणारी ‘लॉस्ट’ तिसऱ्या पर्वात घुटमळू लागली होती. नायकाच्या अंगावरच्या गोंदणाची कथा सांगण्यात तिने एक भाग घालवला. मग २००७ साली वाहिनीने जाहीर केले की आणखी ४८ भाग होतील आणि २०१० मध्ये मालिका संपेल. किनारा दिसताच वल्ह्यांना जोर आला. उलट ‘ट्विन पीक्स’चे झाले. ट्विन पीक्स गावातल्या लॉरा पामरला कुणी मारले, हा प्रश्न त्या गावाचा प्राण होता. वाहिनीच्या आग्रहामुळे त्याचे उत्तर दुसऱ्या पर्वाच्या मध्यालाच देऊन टाकावे लागले, आणि उरलेले भाग प्राण गेलेल्या गावात हिंडत राहिले. शेवट लांबवल्याने मालिका जशी पातळ होते, तशी तो आधी ओढून आणल्यानेही पोकळ होते. दोन्हींत दोष एकच. कथेच्या पोटात जो काळ आहे, त्याहून वेगळा काळ बाहेरून लादला जातो.

मराठीत पर्वांची खरी कसोटी पाहिली ती ‘रात्रीस खेळ चाले’ने. २०१६ साली आलेल्या तिच्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक मरतात आणि सगळे कुटुंब कोकणातल्या वाड्यावर जमते. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात चित्रित झालेला तो वाडा. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले तेव्हा ते पुढे गेले नाही, मागे गेले. मेलेले अण्णा त्यात हिंडूफिरू लागले, माधव अभ्यंकरांच्या रूपाने लोकांच्या स्वप्नात येण्याइतके जिवंत झाले, आणि त्यांची प्रेयसी शेवंता आली. पहिल्या पर्वात जे फक्त सावली होते, त्याला देह मिळाला. एका परीने ते अख्खे पर्व म्हणजे ‘मागील भागात’च होते, मिनिटाऐवजी दीड वर्षाहून अधिक काळ चाललेले. लोकांनी ते पहिल्याहून अधिक उचलून धरले. पुढे काय होणार, याची उत्सुकता त्यात फारशी नव्हती, कारण अण्णांचा शेवट सर्वांना ठाऊक होता. तो कसा जवळ येत गेला, हे पाहण्यातच सगळा रस होता.

ज्या मातीत ही मालिका उभी राहिली, तिथल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. गावच्या जत्रेत रात्र चढल्यावर पूर्वरंग होतो आणि मग आख्यान लागते. कोणते आख्यान, कुणी काय व्हायचे, एवढे आधी ठरते. संवाद मात्र रंगमंचावरच जन्मतात. समोरच्या राजाने घेतलेली आण, वापरलेला शब्द, दिलेला दाखला दुसऱ्याने कानात धरून ठेवायचा आणि तासाभराने नेमक्या जागी परत करायचा. जो नट ऐकत नाही त्याचे बोलणे कितीही गोड असो, खेळ पडतो. जो ऐकतो, त्याच्यापाशी पहाटे समोरच्याच शब्दांचा साठा झालेला असतो. अनेक वर्षांची मालिका हा असाच रात्रभरचा खेळ आहे. त्यात ऐकणारा लेखक टिकतो.

ऐकणे प्रेक्षकालाही असते. पूर्वी आठवड्याची वाट पाहावी लागे, आता एका रात्रीत पर्व संपते, पण आवडलेल्या मालिकेकडे माणसे काही वर्षांनी पुन्हा वळतात, हे बदललेले नाही. आजारपणात, परगावच्या खोलीत, मुले झोपल्यावर पहिले पर्व पुन्हा लावले जाते. पडद्यावरचे चेहरे कोवळे असतात, आवाज अजून बसलेले नसतात. मुलगी पिशवी डोक्यावर ओढून खेळत येते. खाकी विजार आकाशातून भिरभिरत खाली उतरते. पहिल्या भागाआधी जुन्या आठवणींचे ते मिनिट नसते. दुसऱ्यांदा पाहणारा ते आपल्याबरोबरच घेऊन बसलेला असतो.